पश्चिमेची भिंत : हेम्प आणि चुन्याच्या कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

काकांच्या मळ्यातल्या बियाण्याच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत उतरवून नव्यानं बांधायची ठरली. मळा कोल्हापूर-पन्हाळा रस्त्यावर, वाघबीळच्या अलीकडे. खोलीच्या तीन भिंती जुन्या, दगड-मातीच्या, अजून ठणठणीत आहेत. चौथी मागाहून घातलेली विटांची, वरून सिमेंटचा गिलावा. तिनं खालून ओल धरली आणि आता पोपडे सुटलेत. दुपारपासूनचं सगळं ऊन हिच्यावर, आणि जूनपासूनचा झोडपा पाऊसही हिच्यावरच. हीच भिंत हेम्पक्रीटची, म्हणजे हेम्पच्या देठाचे तुकडे चुन्यात कालवून भरलेली करायची. काका म्हणाले, "कर, पण बियाणं आत न्यायच्या आधी मला वाळलेली भिंत दाखव." अट रास्त आहे.

ऑक्टोबरमध्ये उत्तराखंडात एका प्रशिक्षणाला जाऊन आले. पौडी गढवालच्या यमकेश्वर भागात २०२१ सालापासून हेम्पक्रीटची इमारत उभी आहे, म्हणजे आपल्या देशात हे काम होतं यात शंका उरलेली नाही. माझ्यापुढचा प्रश्न एवढाच की डोंगरात शिकलेलं इथल्या पावसात कसं बसवायचं.

मूळ कल्पना सोपी आहे. औद्योगिक हेम्प हे भांगेच्याच जातीचं झाड, पण नशेचा अंश, म्हणजे टीएचसी, ०.३ टक्क्यांच्या आत असलेलं वाण. देठाची साल काढली की धागा मिळतो, आणि आत उरतो तो हलका, सच्छिद्र, लाकडासारखा गाभा. त्याचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे म्हणजे हर्ड. हर्ड, चुना आणि पाणी कालवून लाकडी सांगाड्याभोवती साच्यात भरायचं. ही भिंत भार घेत नाही. छपराचा भार सांगाडा घेतो. तिचं काम ऊन अडवण्याचं. उष्णता वाहून नेण्याचा गुणांक बघितला तर हेम्प-चुन्याचा साधारण ०.०७ ते ०.१, भाजक्या विटेचा ०.७ ते ०.८. जवळपास दहापट फरक. मला या कामाकडे ओढलं ते याच आकड्यानं, कारण एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरातल्या ज्या-ज्या नव्या घरात गेले तिथं पश्चिमेच्या खोलीत रात्री नऊपर्यंत भिंतीला हात लावला की कोमट लागतो.

आजच्या रूपातलं हे तंत्र १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये, जुन्या लाकडी चौकटीच्या घरांच्या दुरुस्तीतून पुढं आलं. पण भिंतीत भांग घालणं आपल्याला परकं नाही. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू आणि तुकडे मिसळलेले सापडले. पुरातत्त्व विभागाचे राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ म. म. सरदेसाई यांचा त्यावरचा निबंध २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये आला. गिलाव्यात त्याचं प्रमाण सुमारे १० टक्के होतं, आणि तो गिलावा इतकी शतकं टिकण्यात या मिश्रणाचा वाटा असावा असं त्यांचं म्हणणं. मराठी मुलखातल्या कारागिराला हे झाड आणि त्याचा उपयोग नीट माहीत होता. मधे कधी तरी ही साखळी तुटली, एवढंच.

२४ नोव्हेंबर

माल मागवण्याआधी कायदा नीट वाचला, कारण काकूंचा पहिला प्रश्न होता, "पोलीस येणार नाहीत ना गं?"

१९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात बंदी आहे ती चरस, गांजा आणि त्यांच्या मिश्रणांवर. झाडाची लागवडही परवानगीशिवाय करता येत नाही. त्याच कायद्याचं १४वं कलम धागा आणि बी यांसाठी लागवडीला परवानगी देण्याची मुभा सरकारला देतं. उत्तराखंडानं २०१८च्या सुमारास या वाटेनं परवाने द्यायला सुरुवात केली. वाळलेल्या देठाचा फुलं-शेंडे नसलेला गाभा हा चरसही नव्हे, गांजाही नव्हे. तरीही परवानाधारकाकडूनच घ्यायचा, बिलावर मालाचं वर्णन स्पष्ट लिहून घ्यायचं आणि त्याची प्रत गाडीबरोबर ठेवायची असं ठरवलं. स्वस्तात देतो म्हणणाऱ्या, पण कागद देऊ न शकणाऱ्या एका व्यापाऱ्याला नाही म्हटलं.

भिंत १० फूट रुंद, ९ फूट उंच, १० इंच जाड. म्हणजे ७५ घनफूट. एका घनफुटाला ३ किलो हर्ड, ६ किलो चुना-सुरखी (सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड), ९ लिटर पाणी हा भिंतीसाठीचा सर्वसाधारण हिशोब. हर्ड सव्वादोनशे किलो लागेल, तूट धरून २४० मागवला. वजन एवढंसं, पण पोत्यांचा ढीग मोठा, आणि वाहतूकवाले भाडं लावतात ते जागेवर. हर्डच्या किमतीइतकीच रक्कम रस्त्यावर जाते आहे. हे कायमचं परवडणारं नाही. इथल्याच शेतात मिळणारा गाभा शोधायलाच हवा.

८ डिसेंबर

आज दिवसभर चुना.

आमचे गवंडीमामा सत्तरीला आलेत. पोरवयात शहरातल्या वाड्यांच्या दुरुस्तीवर चुन्याच्या घाणीचे बैल हाकायचे, मग थापी हातात आली. नंतरची सगळी वर्षं सिमेंटात गेली. त्यांना कामावर बोलावलं तेव्हा हेम्पचं नाव ऐकून ते गप्प राहिले. चुन्याचं नाव काढलं तसे खुलले.

बागलकोट भागातली कळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीची ढेकळं, आली आहे. मामांनी एकेक ढेकूळ हातात घेऊन वजन अजमावलं, जड लागलेली बाजूला काढली. "आत दगड ऱ्हायलाय. भट्टीत शिजला न्हाई." रसायनशास्त्रही तेच सांगतं. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की शंभर किलोतले ४४ किलो कर्बवायू होऊन उडतात, कळी उरते ५६ किलो. म्हणून नीट भाजलेलं ढेकूळ हातात हलकं लागतं आणि कच्चं जड.

कळीवर पाणी शिंपडून भुकटी करायची, घोळ करायचा नाही, कारण हेम्पच्या मिश्रणात पाणी मोजून पडायला हवं. ५६ किलो कळी १८ लिटर पाणी आपल्यात सामावून घेते. वरचं वाफ होऊन जातं. ढीग फुटायला लागला तसे सगळे दोन पावलं मागे सरले. त्याची वाफ आणि उडणारे कण डोळ्यांत गेले तर इजा कायमची होऊ शकते. सगळ्यांना चष्मे, रबरी हातमोजे, पायांत बूट. बायकांनी मोज्यांत घाम येतो म्हणून काढायला सुरुवात केली तेव्हा काम थांबवलं. मोजे घातल्याशिवाय फावड्याला हात लागणार नाही. पाण्याची भरलेली बादली आणि तांब्या कायम शेजारी. डोळ्यांत गेलंच तर पंधरा-वीस मिनिटं धुत राहायचं आणि तसंच दवाखान्यात न्यायचं.

नुसता चुना हवेतला कर्बवायू घेत हळूहळू दगड बनतो. १० इंची भिंतीच्या पोटात हवा पोचेपर्यंत थांबता येणार नाही म्हणून त्याला सुरखीची जोड: तीन भाग चुना, एक भाग सुरखी, वजनानं. सुरखी कमी आचेवर भाजलेल्या विटांची हवी. जास्त भाजून काळी पडलेली वीट चुन्याशी बोलत नाही. वीटभट्टीवाल्याला हे समजावताना मजा आली, कारण जो माल तो टाकून देतो तोच आम्ही मागत होतो.

२२ डिसेंबर

गुऱ्हाळाचा हंगाम जोरात आहे. रस्त्यानं येताना चिपाडांचे ढीग दिसतात आणि मनात येतं, हाच माल का नको? लंडनमध्ये चिपाडापासून बांधकामाचे ठोकळे केले गेलेत. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट लंडननं 'शुगरक्रीट' नावानं ते २०२३ साली पुढं आणले. कोल्हापूरकराला ऊस कुणी शिकवायला नको, तेव्हा चिपाड घेऊन आले.

दुसरा माल तागाचा. आपल्याकडे ताग फुलावर आला की नांगरून गाडतात, हिरवळीचं खत म्हणून. पण शेजारच्या मळ्यात बियासाठी ठेवलेला पट्टा होता. बी झाल्यावर त्याची सणकाडी चांगली लाकडी होते. तिसरी अंबाडी, काकूंनी भाजीसाठी बांधावर लावलेली. तिची दहा-वीस ताटं जून होऊन उभी होती. काकूंच्या सासऱ्यांच्या काळी ती ओढ्यात कुजवून वाख काढायचे आणि बैलांचे कासरे वळायचे. उरलेल्या काड्या चुलीत जायच्या. म्हणजे धागा वेगळा, गाभा वेगळा ही विभागणी या घरानं केलेली आहेच. गाभा भिंतीत घालायचा तेवढा बाकी होता.

तुकडे करायला कडबाकुट्टी वापरली. पाती जवळ घेतली की अर्ध्या ते पाऊण इंचाचे तुकडे पडतात. धूळ फार होते, ती चाळून काढावी लागली; बारीक भुकटी राहिली तर तीच सगळं पाणी आणि चुना पिऊन टाकते.

चारही मालांचे नमुन्याचे ठोकळे पाडले: एक फूट लांब, एक फूट रुंद, सहा इंच जाड. ओला ठोकळा साधारण ९ किलो भरतो. सगळे ओसरीत, वाऱ्याला, खाली दोन रिपा टाकून.

१२ जानेवारी २०२५

हेम्पचा ठोकळा सर्वांत आधी कडक झाला. तागाचा त्याच्या मागोमाग, कडा थोड्या भुसभुशीत. अंबाडीचा ठीक, पण नमुना लहान. चिपाडाचा अजून नखानं खरवडतो आणि त्याला आंबूस वास येतो. कारण उघड आहे: चिपाडात साखर राहिलेली असते आणि साखर चुन्याचं आवळणं लांबवते. तीन पाण्यांतून धुऊन घेतलेल्या चिपाडाचा ठोकळा वेगळा ठेवला आहे, तो बरा आहे. पण धुवायला लागणारं पाणी आणि नंतर वाळवायची जागा बघता या भिंतीसाठी चिपाड बाजूला.

मामांनी त्यावरून एक प्रश्न काढला. गिलाव्यात गुळाचं पाणी घालायची रीत त्यांच्या उस्तादांची. मग गूळ तिथं चालतो कसा? माझ्या समजुतीनं दोन्हीकडे साखर करते ते एकच: चुन्याला सावकाश आवळायला लावते. पातळ गिलाव्याला सावकाशपणा मानवतो, तडे कमी जातात, थापीखाली माल मऊ चालतो. साच्यातल्या भिंतीला तो मानवत नाही, कारण तिला फळ्या काढल्या की उभं राहायचं आहे. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग गिलाव्याला गूळ माझा." ठरलं.

२६ जानेवारी

जुनी भिंत उतरली. पायाला आधीचाच काळा दगड, त्यावर जांभ्याचे दोन थर चढवून जोतं जमिनीपासून सव्वा फूट वर घेतलं. हेम्प-चुना जमिनीला टेकता कामा नये. जोत्यावर ओल अडवणारा जाड थर, मग सांगाड्याची आडवी पाटली. लाकूड शहरातल्या एका उतरवलेल्या वाड्याचे सागवानी वासे, तासून घेतलेले. खांब दोन-दोन फुटांवर, भिंतीच्या जाडीच्या मधोमध, म्हणजे चारी बाजूंनी माल बसेल. विजेची नळी आत्ताच बांधून घेतली. फळ्या-मांडण्या पुढं जिथं लागणार तिथं सांगाड्यात आडवे तुकडे ठोकले, कारण नुसत्या हेम्पक्रीटमध्ये स्क्रू धरत नाही.

छपराचे वासे पश्चिमेला वाढवून वळचण अडीच फूट बाहेर काढली. सुतार म्हणाला, एवढी कशाला, दीड फूट रग्गड झाली. मी ऐकलं नाही. या भिंतीचं आयुष्य वळचणीवर आहे.

हिमाचलच्या मंत्रिमंडळानं नियंत्रित लागवडीच्या प्रायोगिक अभ्यासाला याच आठवड्यात मंजुरी दिल्याची बातमी वाचली. महाराष्ट्रानंही असा अभ्यास करावा असं मला मनापासून वाटतं. राहुरी, अकोला, दापोली, परभणी अशी चार कृषी विद्यापीठं आपल्याकडे आहेत.

९ फेब्रुवारी

भरणीला सुरुवात.

साच्यासाठी दोन फूट उंचीच्या प्लायच्या फळ्या, भरेल तशा वर सरकवायच्या. फिरत्या ड्रमचं मिक्सर आणलं नाही. त्यात या मालाचे गोळे होतात आणि आत कोरडा भुस्सा राहतो. ताडपत्रीवर फावड्यांनी कालवणं सावकाशीचं, पण प्रत्येक तुकडा नजरेखालून जातो.

प्रशिक्षणात आधी चुन्याचा पातळ घोळ आणि त्यात हर्ड असा क्रम शिकवला होता. मामांनी पहिला घाणा होताना बघितला आणि हात वर केला. "ताई, ह्यो भुस्सा लई तानलेला हाय. आदी त्येला पाणी पाजा. न्हाईतर चुन्याचं पाणी वढून घेईल आन् चुना तसाच ऱ्हाईल, पिटावानी." वीट बांधण्याआधी हौदात का बुडवतात, तोच विचार. हर्ड आपल्या वजनाच्या तीनपटीहून जास्त पाणी पिऊ शकतो. त्यामुळं दुसऱ्या घाण्याला एकूण पाण्यातलं दोन तृतीयांश पाणी आधी हर्डवर शिंपडलं, दहा मिनिटं मुरू दिलं, मग चुना-सुरखी भुरभुरवली आणि उरलेलं पाणी झारीनं दिलं. फरक डोळ्यांना दिसला. प्रत्येक तुकड्याला पांढरट गुलाबी लेप सारखा बसला, आणि कोरडा असा एकही कुठं राहिला नाही. पुढचं सगळं काम याच क्रमानं.

माल जमला की नाही याची परीक्षा हातात आहे. मूठभर घेऊन दाबायचं. गोळा व्हायला हवा, बोटांतून पाणी सुटता कामा नये, आणि अंगठ्यानं रेटला की गोळा दोन-तीन तुकड्यांत मोडावा. पाणी सुटलं तर जास्त झालं, आणि जास्त पाण्याचा त्रास आज दिसत नाही, तो महिन्यानं दिसतो.

थर सहा इंचांचे. इथं मामांच्या हाताला आवर घालावा लागला, कारण त्यांचा हात जमीन चोपण्यात घडलेला. हा माल जोरात ठोकला की आतल्या पोकळ्या मरतात, आणि ऊन अडवतात त्या पोकळ्याच. साच्याच्या कडेला आणि खांबांच्या कोपऱ्यांत बोटांनी आणि काठीनं नीट दाबायचं, मधला भाग फक्त सारखा करायचा. चार थरांनंतर मामांनीच गड्यांना सांगायला सुरुवात केली: "चोपायचं न्हाई रं, थोपटायचं."

संध्याकाळी साचा न काढताच थांबलो. वर गोणपाट टाकलं, ओलं केलेलं नाही, फक्त रात्रीच्या गार वाऱ्याचा थेट झोत लागू नये म्हणून.

११ फेब्रुवारी

खालची फळी काढली. भिंत सरळ उभी आहे. ओळंब्याला लागते. पृष्ठभागावर हर्डचे तुकडे एकमेकांत अडकलेले दिसतात, मधे हवेच्या बारीक फटी. गावातली माणसं बघायला येतात आणि हमखास बोटानं टोचतात. एकानं विचारलं, हे पेटणार नाही का? नमुन्याच्या वाळलेल्या तागाच्या ठोकळ्यावर प्लंबरची ज्योत धरून दाखवली. काळा पडला, धुमसला, ज्योत काढल्यावर विझला. चुन्याच्या लेपामुळं आणि आतून हवा खेळती नसल्यामुळं तो पेट घेत नाही.

आज सगळ्यांत जास्त काम बायकांनी ओढलं. ताडपत्रीवरचं कालवणं हे खरं कौशल्याचं काम आहे, आणि मूठ दाबून 'झालं' म्हणणारी जी बाई आहे तिचा अंदाज माझ्या मापाशी जुळतो. तिची हजेरी गवंड्याच्या हाताखालच्या माणसाची नको, कारागिराची हवी. आजपासून तशी लावली.

१६ फेब्रुवारी

वरची शेवटची पट्टी बाजूनं हातानं भरली, वरच्या पाटलीखाली पोकळी राहू नये म्हणून. फळ्या सगळ्या निघाल्या. भरणी पुरी.

आता खरा हिशोब. ७५ घनफुटांत घनफुटाला ९ लिटर म्हणजे पावणेसातशे लिटर पाणी आम्ही या भिंतीत घातलं. थोडं चुना-सुरखी बांधून घेईल, पण सहाशे लिटरच्या वर पाणी वाफ होऊन बाहेर जायचं आहे. ते आत राहिलं आणि वर गिलावा चढवला तर भिंत कुजेल. पुस्तकं या जाडीला महिना-दीड महिना सांगतात, पण ती तिकडच्या हवेची. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चचा कोरडा वारा आहे, आणि सगळी भरणी फेब्रुवारीत उरकायची घाई मी यासाठीच केली होती. मेच्या शेवटी हे काम काढणं म्हणजे भिंत पावसाच्या हवाली करणं.

दोन्ही बाजूंनी वारा खेळता ठेवला आहे. पश्चिमेला शेडनेट, उन्हाचा थेट मार टाळायला. बाहेरची कातडी आधी वाळून आतलं पाणी अडकायला नको. भिंतीबरोबर त्याच मालाचे ठोकळे पाडलेत. दर रविवारी वजन करायचं.

१६ मार्च

ओले असताना ९ किलोचे ठोकळे आज ५.६ किलोवर आलेत. अपेक्षित कोरडं वजन ४.७ च्या आसपास. ठोकळा सहा इंची आणि भिंत १० इंची, तेव्हा भिंत मागं असणार हे धरून चाललं पाहिजे. तळहात टेकवला तर जोत्याजवळ अजून गार लागते.

एका कोपऱ्यात पांढरी बुरशी आली, बोटभर. काकू घाबरल्या. ओल्या काळात पृष्ठभागावर ती येऊ शकते. चुन्याची निवळ ब्रशनं मारली, गेली. चुना ताजा असेतो त्याचा दाहकपणा असा असतो की बुरशीला आणि किड्याला तिथं राहवत नाही. वाळवीचं मात्र वेगळं. ती हेम्प खायला येणार नाही, पण आतल्या सागवानाकडे वाट काढू शकते, म्हणून जोत्याची बाजू उघडी आणि नजरेत ठेवायची. तिथं लाकडं, पोती रचायची नाहीत असं काकांना सांगितलं.

३० मार्च, गुढीपाडवा

सुट्टी. वजन तेवढं केलं: ५ किलो. मामा गूळ आणि हिरड्याची पिशवी घेऊन गुढीचा प्रसाद द्यायला आले आणि गिलाव्याचा चुना भिजत घातलेल्या टाकीत काठी फिरवून गेले. चुना लोण्यावर आलाय.

१२ एप्रिल

जोतिबाची चैत्र यात्रा. रस्ता सासनकाठ्यांनी आणि गुलालानं भरलेला, गडी सगळे डोंगरावर. काम बंद.

२० एप्रिल

ठोकळा ४.७ किलोवर थांबला, लागोपाठच्या दोन रविवारी तेच वजन. भिंतीला मधोमध बारीक भोक पाडून आतला भुगा काढला, हाताला कोरडा. गिलाव्याला सुरुवात.

एक ठोकळा फोडून त्यावर फिनॉल्फ्थेलिन शिंपडलं, म्हणजे कच्च्या चुन्यावर गुलाबी होणारं रसायन, ओळखीच्या प्रयोगशाळेतून आणलेलं. बाहेरचा इंच-दीड इंच तसाच राहिला, आतला भाग गुलाबी झाला. गुलाबी म्हणजे तिथला चुना अजून दगड बनायचा आहे. भिंत वाळली, तरी ती पुरी व्हायला काही महिने, कदाचित वर्षं घेईल. मामांना हा रंग दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आमच्या उस्तादाला ह्ये दावायला पायजे हुतं. त्यो म्हणायचा, चुना म्हातारपनी जवान हुतोय."

गिलावा मामांचा. भिजवलेला चुना, नदीची वाळू नाही, चाळलेली दगडी वाळू. हिरड्याचं पाणी, गुळाचं पाणी आणि कापलेला अंबाडीचा वाख. पहिला हात खडबडीत, दुसरा पातळ, थापीनं घोटलेला. सिमेंटचा एक कण नाही. भिंतीला आतली दमटी बाहेर टाकता आली पाहिजे. सिमेंट किंवा प्लास्टिक रंग लावला की ती वाट बंद. रंगवाल्यानं ॲक्रिलिकचा डबा फुकट देऊ केला होता, तो परत पाठवला. वरून चुन्याची सफेदी, तीन हात, प्रत्येक हात पातळ.

११ मे

दुपारी साडेतीनला मापं घेतली. बाहेर सावलीत ३७ अंश. पश्चिमेच्या सफेदीवर ४५. आतल्या बाजूला त्याच भिंतीवर ३१. शेजारच्या गोदामाची नऊ इंची विटांची भिंत, तीच दिशा, आतून ३७. रात्री आठला गोदामाची ३८ झाली होती, आमची ३१.५. काकांनी दोन्ही भिंतींना एकेक हात लावला आणि काही न बोलता कणग्या आत न्यायला सांगितल्या.

काकांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. ही भिंत हवेतला दमटपणा शोषते आणि सोडते, त्यामुळं चढउतार कमी होतात. पण आषाढात हवाच ओली असते तेव्हा ती खोली कोरडी करून देणार नाही. बियाणं उन्हात नीट वाळवून, झाकण लागणाऱ्या डब्यांत आणि लिंपलेल्या कणग्यांतच ठेवायचं, कडुनिंबाचा पाला घालून, पूर्वीसारखं.

२७ मे

पाऊस वेळेआधीच आला. २४ तारखेला मान्सून केरळात पोचला, काल मुंबईत. आणि इथं त्याच्याही आधीपासून वळीव थांबायला तयार नाही. लोकांची भुईमुगाची काढणी रानात अडकली. आमचा गिलावा महिन्याचा झालाय, सफेदी घट्ट आहे. वळचण अडीच फूट असूनही खालचा फूटभर भाग भिजतो आहे, वाऱ्याबरोबर येणाऱ्या तिरक्या सरींनी. तो भाग उघडीप मिळाली की काही तासांत पुन्हा पांढरा होतो. तरी पावसाळ्यापुरता बांबूच्या तट्ट्यांचा झाप लावला. कोकणात आणि गगनबावड्याकडे असा झाप प्रत्येक घराला असायचा, भिंत कसलीही असो.

२० जुलै

सलग पावसात भिंतीची आतली बाजू हाताला कोरडी. वाळवणीच्या वेळचं भोक बुजवलं नव्हतं, त्यात बुच घालून ठेवलं होतं. आज आतला भुगा पुन्हा बघितला. किंचित दमट, ओला नाही. जांभ्याच्या जोत्यावर शेवाळ, भिंतीवर नाही. गिलाव्याला खिडकीच्या कोपऱ्यातून एक केसासारखी चीर गेली आहे, ती सफेदीच्या पुढच्या हातात भरून निघेल.

वर्षाअखेरीचा माल आत्ताच पेरला. काकांनी बांधालगतची सहा गुंठे तागाला दिली, गाडायला नाही, बियाला आणि काडीला. पेर दाट ठेवली, म्हणजे फांद्या कमी फुटून ताटं सरळ वाढतील. डिसेंबरमध्ये काडी वाळवून कुट्टी करायची. तागाच्या ठोकळ्याच्या कडा भुसभुशीत राहिल्या होत्या त्याचं कारण मला काडीतल्या मऊ गरात दिसतं, तेव्हा या वेळी सुरखी थोडी वाढवून, तीनास दीड करून बघणार.

मामांनी त्यांच्या भुदरगडच्या घराची मापं आणून दिलीत. मागची भिंत कुडाची, कारवीची, लिंपण दर वर्षी करावं लागतं. १४ फूट लांब, साडेसात फूट उंच. जाडी आठ इंच धरली तर ७० घनफूट. हर्ड बाहेरून आणायचा नाही, सगळा ताग. त्यासाठी काडी लागेल २१० किलो. सहा गुंठ्यांतून तेवढी निघते का ते काढणीला वजन करून नोंदवीन.